शून्य टंचाची चांदी

हुपरीत राहून चांदी सोडून दुसऱ्या कशाचं कौतुक करणं तसं अवघड. इथं दिवस उजाडतो तोच दराच्या चौकशीनं. ‘आज किती?’ एवढंच विचारायचं. कशाचा दर आणि कुठला, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. एका घरात चांदी आटवतात, पलीकडच्या घरात तार ओढतात, त्याच्या पुढच्या सोप्यात बायका चिमट्यानं कड्या जोडत नाहीतर पैंजणांना घुंगरू लावत बसलेल्या असतात. देशातल्या किती पायांत हुपरीचं काम वाजत असेल, याचा हिशेब नाही. शंभराहून जास्त वर्षं हे चाललंय.

अशा गावात मी उघड्या अंगणात बिगोनिया वाढवते. हौस म्हणून ठीक, पण आमच्या गल्लीत कुठल्याही झाडाच्या आधी तीन परीक्षा होतात. फुलाला वास आहे का? केसात माळता येतं का? देवाला चालतं का? बिगोनिया तिन्हीत नापास. आमच्या ओळखीच्या जातींना वास नाही. देठ इतका रसरशीत की गजऱ्यात ओवायला गेलं तर पाणीच व्हायचं. आणि अंबाबाईच्या देवळात कुणी बिगोनियाची परडी नेलेली मी तरी पाहिली नाही. “मग लावलंय कशाला?” हा शेजारच्या मावशींचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त असतो. त्यावर मी “बघायला” असं म्हणते. मावशी बघतात. “हां, बघायला बरं हाय,” म्हणतात आणि स्वतःच्या मोगऱ्याकडे जातात.

चौथी परीक्षा खाण्याची, तिथं मात्र त्याला थोडेफार गुण मिळतात. बिगोनियाचं पान आंबट असतं, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्ल. ईशान्येकडच्या डोंगरांत काही जातींचे देठ लोक आवडीनं खातात. पण नर्सरीतल्या कुंडीवर काय काय फवारलेलं असतं देव जाणे, आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. आंबटच खायचं तर चुका आहे, अंबाडी आहे.

या झाडाला नाव मिळालं ते मिशेल बेगाँ नावाच्या फ्रेंच साहेबाचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस हे गृहस्थ कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच वसाहतींचे मोठे अधिकारी होते. शार्ल प्लुमिए नावाच्या पाद्र्याला, तो वनस्पतिशास्त्रज्ञही होता, त्यांच्या शिफारशीनं तिकडची झाडं शोधायची कामगिरी मिळाली. त्यानं उपकाराची फेड म्हणून नव्या सापडलेल्या झाडाला साहेबांचं नाव दिलं. पुढं 1753 मध्ये लिनियसनं ते कायम केलं. आपल्याकडं साहेबांचं नाव चौकाला देतात, कमानीला देतात. तिकडं झाडाला दिलं, एवढाच फरक. यात वरताण केली ती उत्तर कोरियानं. 1988 मध्ये मोतोतेरू कामो या जपानी बागायतदारानं लालभडक बिगोनियाची एक जात तयार करून किम जोंग इल यांना अर्पण केली. तिचं नाव ‘किमजोंगइलिया’. साहेबांच्या वाढदिवसाला, 16 फेब्रुवारीला, फुलं यावीत अशी तिची तयारी. तिकडं त्या फुलांची प्रदर्शनं भरतात. आमच्याकडं फेब्रुवारीत बिगोनियावर येते ती भुरी.

भुरीवरून आठवलं, मूळ मुद्दा हवेचाच आहे. बिगोनियाला साधारण पंधरा ते सत्तावीस अंश हवामान मानवतं. ऊन पाहिजे, पण सकाळचं, कोवळं. ओल पाहिजे, पण पाण्यात पाय बुडलेले चालत नाहीत. हवेत दमटपणा पाहिजे, पण कोंदट नको. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘कायम वाफसा पाहिजे’ म्हटलं की त्याचं डोकं हलतं. माती हातात घेतली तर ओलसर लागावी, मूठ वळावी, आणि बोटानं टोचलं की भुसभुशीत सुटावी. आमची माती त्यातली नव्हे. पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या मधलं हे काळं रान. उसाला सोन्यासारखं, बिगोनियाला मात्र गळ्याशी. पाऊस झाला की चिखल, आणि आठवडाभर उघडीप मिळाली की भेगा.

तशी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हवेची कमी नाही. पश्चिमेला गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडं गेलं की त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. एकाच जिल्ह्यात एकीकडं लोक इरली घेऊन भात लावतात, तर दुसरीकडं ढगाकडं बघत बसतात. पश्चिमेच्या त्या ओल्या पट्ट्यात, सगळ्या घाटमाथ्यावर, बिगोनिया कुणी न लावता येतो. आपल्या सह्याद्रीचा, रानातला. बिगोनिया क्रेनाटा हे त्याचं पुस्तकी नाव. पावसाळ्यात ओल्या कातळाला, घाटातल्या दरडीला, जुन्या भिंतीच्या फटीला तो चिकटलेला असतो. हाताएवढी उंची, कातरलेल्या काठाची पानं, फिकट गुलाबी फुलं. पाऊस ओसरला की वरचं सगळं सुकून जातं आणि खालचा इवलासा कंद पुढच्या मृगापर्यंत झोपतो. त्याचा एक भाऊबंद चक्क बिगोनिया कोंकणेन्सिस या नावानं पुस्तकात बसलाय. लोक गाड्या थांबवून धबधब्याशी फोटो काढतात, तेव्हा पाठीमागच्या खडकावर हा असतो. फोटोत येतोही. पण त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

म्हणजे मंडईत पन्नास-शंभर रुपये मोजून ज्याला आपण ‘फॉरेनचं झाड’ म्हणतो, त्याचे सख्खे चुलते इथून तास-दीड तासावर फुकट उभे आहेत. त्यांना उपटून आणू नये, ते जगत नाहीत. त्यांना लागतो तो अख्खा घाट. कुंडीतून घाट कसा आणणार?

जागा बघून झाड लावावं हे या मातीला नवीन नाही. शाहू महाराजांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले, ते पन्हाळ्यावर. तीन हजार फुटांवरची हवा आणि पाऊस बघून केले. हुपरीच्या माळावर चहा लावा असं त्यांनी काही सांगितलं नाही. आपण मात्र महाबळेश्वरला एखाद्या बंगल्याच्या पायरीवर ताटाएवढ्या फुलांचा बिगोनिया बघतो आणि परतताना टोमॅटोच्या रोपासारखा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एसटीच्या खिडकीला धरून बसतो.

आमची एक मावशी बेळगावला असते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, पण मावशीच्या बोलण्यात ती गरिबी कधी जाणवली नाही. “आमच्याकडं काय गं, देठ मोडून टाकलं तरी येतंय,” असं ती निपाणीच्या पलीकडून सहज म्हणते. तिच्या अंगणात खरोखरच उसासारख्या पेरांचे, कमरेएवढे उंच बिगोनिया उभे असतात. पानं पंखासारखी, वर पांढरे ठिपके, खाली मेणचट लाल रंग, आणि कोवळ्या फुलांचे घोस असे लोंबलेले. त्यात तिचं कर्तृत्व किती आणि बेळगावच्या हवेचं किती, हा विषय आम्ही जेवायच्या आधी काढत नाही.

पण हुपरीची हवा म्हणजे तरी कुठली? रेडिओवर, मोबाइलवर सांगतात ती कोल्हापूरची. मे महिन्यात अडतीस-एकोणचाळीस. ते माप गावाचं झालं. आमच्या घराला चार बाजू आहेत आणि चारही बाजूंना वेगळी हवा आहे. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, वर त्या अंगाला एका कारखान्याची भट्टी. तिकडं कोरफड आणि निवडुंग. दक्षिणेला रस्ता, धूळ आणि शेजाऱ्यांच्या मोटारसायकली. उत्तरेला विहिरीचा कठडा आणि अंधार. पूर्वेला मात्र न्हाणीघराची भिंत, तिच्याशी जुनं जांभूळ आणि न्हाणीचं पाणी जातं ती गटारीची बारीक वाट. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत तिथं ऊन येतं, मग जांभळाची चाळणी. मे महिन्यात रस्त्यावर डांबर पाघळत असतं तेव्हा त्या दोन पावलांच्या पट्ट्यात पायाला गार लागतं. गाव हुपरी, तालुका हातकणंगले, पण हवा बेळगावची. मावशीला हे अजून मान्य नाही.

बाहेर बिगोनिया लावायचा म्हणजे खरं काम हेच: आपल्या घराला बेळगाव कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधणं. ते सापडलं की पुढचं फारसं उरत नाही. काळ्या मातीत तांबडी माती मिसळायची, थोडी वाळू, कुजलेलं शेणखत आणि उसाचं कुजवलेलं पाचट. पाचटाला आपल्याकडं तोटा नाही. लोक ते पेटवून देतात आणि मग वाळत घातलेल्या धोतरावर काजळी पडली म्हणून भांडतात. त्यापेक्षा खड्ड्यात घालून वर शेणकाला टाकला तर पावसाळ्यापर्यंत असली सुरेख खत-माती होते की बोटं त्यातून काढवत नाहीत. कुंडीला खाली भोक हवंच. पाणी घालायचं ते मातीला, पानाला नाही. आणि दमट हवा कोंदली, रात्री गारठा पडला की पानावर पिठी शिंपडल्यासारखी भुरी. द्राक्षवाल्यांची भुरीमुळं झोप उडते; माझी फार तर चार पानं जातात. खुडून टाकते.

पावसाळ्यात मात्र वैरी येतो तो शंखी गोगलगाय. आमच्याकडं तिचा सुळसुळाट आहे. रात्रीत ती अख्खं रोप संपवते आणि सकाळी भिंतीवर चकाकणारी रेघ सोडून जाते. चांदीच्या गावात चोरानं चांदीचीच रेघ ओढून जावी, याला काय म्हणायचं?

जाती निवडताना हाव धरायची नाही. बारीक मेणचट पानांचा, लाल-गुलाबी-पांढऱ्या फुलांचा जो बिगोनिया सगळीकडं मिळतो, तो मूळचा ब्राझीलकडचा. तो सगळ्यात सोशिक. ऊन जरा जास्त झालं तर पानं लालसर, तपकिरी करून घेतो, पण फुलं थांबवत नाही. मावशीकडचा पेरांचा, तोही आमच्याकडं चांगला होतो. ज्याची फुलं डेलियाएवढी, ताटात ठेवावीत अशी, तो कंदाचा बिगोनिया मात्र अँडीज पर्वतातल्या पूर्वजांचा. रिचर्ड पिअर्स नावाच्या माणसानं 1860 च्या दशकात बोलिव्हिया-पेरूकडून ते कंद इंग्लंडला पाठवले आणि तिथं त्यांचे संकर झाले. त्याला गार रात्र लागते. दार्जिलिंगला, उटीला तो खुशाल. ब्रुसेल्सच्या चौकात 1986 पासून दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये फुलांचा गालिचा अंथरतात, तो परंपरेनं मुख्यतः याच फुलांचा. बेल्जियममध्ये गेंट शहराच्या आसपास त्याची शेतीच आहे. आपल्याकडं तो मे महिन्यात नुसता रुसत नाही, सरळ कुजतो. कोल्हापूरच्या पुष्पप्रदर्शनात त्याला बघावं, वा म्हणावं आणि घरी यावं.

टेम्पोतून झाडं विकायला येणाऱ्या पोराला या भानगडींशी देणंघेणं नसतं. “उन्हात चालतंय का?” म्हटलं की, “फुल उन्हात चालतंय वैनी.” मी पिशवी परत ठेवली की, “सावलीत बी चालतंय की!” दोन्ही खरं असणारं झाड जगात असेल तर ते प्लॅस्टिकचं.

आता ज्या बिगोनियामुळं माझी गल्लीत पत वाढली त्याच्याबद्दल. याला फुलाची फिकीर नाही, सगळा थाट पानाचा. रेक्स बिगोनिया. हा आपल्या देशातला, आसामकडचा. 1850 च्या दशकात तो विलायतेला पोचला आणि तिथल्या लोकांनी त्याच्यावर शेकडो संकर केले. पान तळहाताएवढं, तिरकं. बिगोनियाच्या पानाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, देठापाशी एक खांदा वर आणि एक खाली. मध्ये गर्द जांभळा, काठाला हिरवा, आणि दोन्हींच्या मधून फिरलेला रुंद पट्टा, चकचकीत चांदीचा.

धडीचा, म्हणजे चांदीच्या मालाचा, धंदा करणारे आमचे अण्णा एकदा बोलत बोलत त्या कोपऱ्यात आले. आयुष्य चांदीत गेलेला माणूस. खाली वाकले, चष्मा वर केला, पान अंगठा आणि बोटात धरून हळूच उजेडाकडं फिरवलं.

“वैनी, हे रंगवलंय काय?”

“नाही हो अण्णा. उपजतच तसं.”

“मग टंच किती?” चांदी किती शुद्ध, हे सांगायचं आमच्याकडचं माप म्हणजे टंच.

“शून्य.”

“आं?”

मग मी त्यांना जे वाचलं होतं ते सांगितलं. या पानात चांदी सोडा, पांढरा रंगसुद्धा नसतो. पानाच्या वरच्या पातळ सालीच्या खाली आणि हिरव्या पेशींच्या वर, मध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात. उजेड आत शिरतो, त्या पोकळ्यांवरून परततो आणि आपल्याला चकाकी दिसते. तैवानच्या संशोधकांनी 2012 मध्ये अशी पानं सूक्ष्मदर्शकाखाली कापून पाहिली, तेव्हा चंदेरी भाग आपलं अन्न तयार करायचं काम व्यवस्थित करत होता. मलेशियाच्या जंगलात तर निळ्या झाकेचा बिगोनिया आहे. गर्द सावलीतला थोडका उजेड पुरवून वापरायला त्याच्या पेशींची रचनाच वेगळी. हे ऐकताना अण्णांनी पान सोडलं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे हवा विकालंय की ह्ये.” थोडं थांबून, “आमच्यात असली पुष्कळ हाईत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पान मागून नेलं. पानच नेलं, कारण रेक्सला रोप लागत नाही. पूर्ण वाढलेलं पान घ्यायचं, उलटं करून जाड शिरांवर ब्लेडनं आडवे छेद द्यायचे, सुलटं करून ओल्या रेतीवर टेकवायचं आणि शिरा मातीला चिकटून राहाव्यात म्हणून वर दोन-तीन बारके खडे ठेवायचे. सावली आणि दमटपणा. काही आठवड्यांत प्रत्येक छेदाशी मुळं फुटतात, मग गव्हाच्या दाण्याएवढं गुंडाळलेलं पान वर येतं. एका पानाची पाच-सहा झाडं. चांदीत असं झालं असतं तर, हा विचार अण्णांनी बोलून दाखवला नाही, पण चेहऱ्यावर होता.

बियांची गोष्ट त्याहून नाजूक. बिगोनियात नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच झाडावर. पुढून बघून पटकन कळत नाही. फूल उलटं करायचं. मागं नुसता देठ असेल तर नर. मागं तीन पंखांची हिरवट-गुलाबी डबी असेल तर मादी; त्या डबीत बी. आणि बी तरी केवढं? एका ग्रॅमला साठ-सत्तर हजार भरतील. हे मी सोप्यात कड्या जोडणाऱ्या बायकांना सांगितलं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. ग्रॅमचा हिशेब आणि बारीक नजर दोन्ही त्यांच्याकडं रोजचीच. त्यातल्या एकीनं वाळलेली डबी कागदावर झटकली, तांबूस भुकटी पडली, तिनं बोट टेकवून पाहिलं आणि म्हणाली, “घट आली की ओ.” काम करताना चांदीची जी झड होते तिला ती घट म्हणते.

ही भुकटी वारा नेतो, पाणी नेतं. न्हाणीच्या गटारीच्या कडेला, विटेच्या सांध्यात, जिथं शेवाळ धरलंय तिथं आपोआप रोपं उगवली आहेत. मी कुंडीत जेवढी मेहनत घेतली त्याच्या पावपट लक्ष नसताना ती जास्त टवटवीत आहेत. त्यांनी त्यांची हवा माझ्या आधी शोधली. गवंड्याला फटी बुजवायला बोलावलं होतं, त्याला तेवढा भाग सोड म्हटलं. तो म्हणाला, भिंत खराब होईल. होईल. भिंत आमची आहे.

शेजारच्या मावशींनी अलीकडं माझ्याकडून गुलाबी बिगोनियाची फांदी नेली आहे, मोगऱ्याच्या बुंध्याशी लावली आहे आणि ‘आमच्यात आपोआप आलं’ असं त्या सांगतात. मोगऱ्याला ऊन पाहिजे आणि याला नको, तेव्हा तिथं त्याचं कितपत जमेल याची मला शंका आहे. पण मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, असं आमच्या गल्लीत ठरलेलं आहे. ते फक्त मी पाळते.

तुम्हालाही फांदी हवी असेल तर जरूर या, पण आषाढात या. मेच्या वळवावर भरवसा ठेवून येऊ नका. वळीव तासभर पडतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन दुप्पट तापतं. वीतभर फांदी, खालची पानं काढून, फुलं खुडून, ओल्या कापडात गुंडाळून देईन. यायच्या आधी एक दिवस घराभोवती फिरून सकाळचं ऊन कुठं येतं आणि दहाला कुठून जातं, तेवढं बघून ठेवा. पैसे नकोत. आणि चोरून नेलेलं झाड जास्त चांगलं लागतं अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी: फाटकाला कडी नसते, आणि दुपारी दोन ते चार मी झोपलेली असते.